नांदेड ते डिब्रूगड, तीन तास

गंगाखेडहून पुणं लांब आणि डिब्रूगड जवळ, हे वाक्य ज्या घरात रोज ऐकू यायचं त्या घरात मी चार वर्षं भाड्यानं राहिले. वरच्या मजल्यावर मी आणि खाली आमच्या घरमालकीण काकू. मी तिथल्या ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचे. दिवसभर पोरांच्या चुका दुरुस्त करून घरी यावं, तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर काकू शेंगा फोडत बसलेल्या असायच्या आणि त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक माझ्या वाट्याला तिथं यायची. ती दुरुस्त करायची काही सोय नव्हती. जिना त्यांचा होता आणि घरही.

काकूंचा सिद्धांत एका ओळीचा होता. थांबलेला वेळ धरायचा नसतो.

म्हणजे असं, की प्रवास म्हणजे चाक फिरत असतं तेवढाच वेळ. बसची वाट बघणं, गाडी फाटकात अडकणं, ड्रायव्हरनं चहाला उतरणं, यातलं काहीही त्यांच्या हिशेबात यायचं नाही. हे प्रवासापुरतं असतं तरी मी सोसलं असतं. पण त्यांच्या घरात साबुदाण्याची खिचडी पाच मिनिटांत व्हायची, कारण भिजणं हे साबुदाण्याचं काम, बाईचं नव्हे. दळण दोन मिनिटांत व्हायचं, गिरणीतली रांग धरायची नाही. 'दवाखान्यातून आत्ता आले' म्हणून त्यांच्याकडं ठेवलेली माझी किल्ली कनवटीला लावून त्या निघून जायच्या आणि मी कॉलेजातून येऊन भर उन्हात बंद दारासमोर बसलेली असायचे. दिवस कलता कलता यायच्या आणि म्हणायच्या, "डॉक्टरनं दोन मिनिटांत सोडलं बघा." डॉक्टरनं खरंच दोन मिनिटांत सोडलेलं असायचं. त्याआधी बाकावर बसून त्या जे काही करत होत्या, त्याला त्यांच्या लेखी नावच नव्हतं.

नवीन होते तेव्हा मी त्यांच्या या हिशेबावर विसंबून एकदा जालन्याला निघाले होते. बोर्डाच्या पेपर तपासणीची बैठक होती. काकूंनी पायरीवर बसल्या बसल्या मार्ग आखून दिला. सेलूपर्यंत रेल्वे, तिथून देवगाव फाट्यापर्यंत जीप आणि फाट्यावरून जालन्याची येष्टी. रेल्वेचे इतके, जीपचे इतके, येष्टीचे इतके, सगळं बोटांवर मोजून बेरीज माझ्या हातात ठेवली. बेरीज इतकी सुबक होती की गणिताची बाई असूनही मी फसले. सेलूला जीप भरेपर्यंत थांबले. देवगाव फाट्यावर उतरले तर माझी येष्टी डोळ्यांदेखत निघून गेली आणि पुढची ज्या येतील त्या सगळ्या खचाखच भरलेल्या, एकही थांबेना. त्या फाट्यावरच्या प्रत्येक टपरीचा चहा मी त्या दिवशी प्यायले. बैठक संपल्यावर पोचले, सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली आणि परत येऊन काकूंना जाब विचारला.

त्यांनी शांतपणे विचारलं, "रेल्वेला मी म्हणले तेवढंच लागलं का न्हाई?"

लागलं होतं.

"जीपला? येष्टीला? मंग बेरीज कुठं चुकली? मधी तुमी थांबलात, ते तुमचं तुमी थांबलात. त्याला प्रवास म्हणत न्हाईत मॅडम."

अशा माणसाशी भांडता येत नाही. मी चार दिवस अबोला धरला. त्यांना तो कळला नाही, कारण बहुधा तोही त्यांनी धरला नसावा.

पण एक सांगायला हवं. थांबणं त्यांना खरोखरच अंगाला लागायचं नाही. आपण स्टेशनवर वाट बघतो तेव्हा चेहरा आंबट करून घड्याळ बघतो. काकू फलाटावर पोचल्या की पिशवीतून सतरंजी काढायच्या, ती अंथरून शेंगदाण्याची चटणी उघडायच्या आणि शेजारच्या बाईला विचारायच्या, "कुण्या गावच्या म्हणायच्या तुमी?" तिथून पुढं त्यांचा संसार सुरू. परभणीच्या स्टेशनवर एकदा आम्ही दोघी गाडीसाठी थांबलो होतो. गाडीला उशीर होता. तेवढ्यात काकूंनी मानवतच्या एका सासू-सुनेचं भांडण मिटवायला घेतलं, दोघींना समोरासमोर बसवलं, दोघींच्या हातात एकेक भाकरी दिली. सासू आता रडेल की मग रडेल अशा घडीला आमची गाडी आली. मी हात धरून ओढायला लागले तर काकू म्हणाल्या, "अर्ध्यावर सोडून कसं जावं?" गाडी गेली. सासू रडली. मला दुसऱ्या दिवशी पहिला तास होता, तो बुडाला. घरी आल्यावर काकूंनी गल्लीत सांगितलं की परभणीहून तासाभरात आलो.

काकूंचे यजमान साखर कारखान्यात नोकरीला होते, ते फार लवकर गेले. एकच लेक, जयू. तिला काकूंनी एकटीनं वाढवलं, शेतीची पदवी घेईपर्यंत शिकवलं. मी राहायला गेले तेव्हा जयू घरीच होती. बारीक अंगाची, कमी बोलणारी आणि आईला पुरून उरणारी. तिला आसाममध्ये नोकरी मिळाली, चहाच्या मळ्यांच्या मातीची तपासणी करणाऱ्या एका संस्थेत. जवळचं मोठं शहर डिब्रूगड. जयूनं हे आईला सांगायच्या आधी मला सांगितलं होतं, आणि मी तिला म्हटलं होतं की तुझे काका तुला जाऊ देणार नाहीत.

काका दोघे. पाथरीजवळच्या गावात शेती करणारे. थोरले बापू, सत्तरीचे, मोजकं बोलणारे, त्यांना मूलबाळ नव्हतं. धाकटे नाना, ते सगळ्यांच्या वाट्याचं बोलायचे. त्यांच्या घराण्यात लेकींसाठी एक नियम होता, एका भाकरीच्या वाटेचा. सकाळी घरची भाकरी खाऊन निघालेल्या माणसानं दुसरी भाकरी लेकीच्या दारात खायची. वाटेत फडकं सोडायची पाळी आली की ते गाव लेकीसाठी बाद. त्यांच्या सगळ्या लेकी म्हणून पाथरी, मानवत, सेलू एवढ्यात दिलेल्या होत्या. एकीला म्हणे चांगलं पुण्याचं स्थळ आलं होतं, ते या भाकरीपायी गेलं. नियम लग्नाचा होता, पण नाना म्हणाले, नोकरीलाही तोच लागू.

दोघे भाऊ बैठकीला आले त्या रविवारी काकूंनी मला मुद्दाम खाली बोलावून बसवलं. शिकलेली बाई बाजूला असलेली बरी, असा हिशेब असावा. नानांनी सुरुवातच केली, आसाम कुठं, आपण कुठं, रात्री-बेरात्री पोरीला काही झालं तर इथून कोण जाणार. काकूंनी चहा होईपर्यंत त्यांना बोलू दिलं. मग पदराला हात पुसून मोबाइल काढला.

त्या मोबाइलवर एक पान होतं. ते जयूनंच आईला शोधून दिलं होतं. अशी पानं असतात, त्यात कोणत्याही दोन विमानतळांची नावं घातली की दोघांमधली एक निळी कमान दिसते, खाली हवाई अंतर आणि लागणारा वेळ. नांदेड ते डिब्रूगड, सुमारे दोन हजार किलोमीटर, तीन तास. काकूंनी तो मोबाइल चहाच्या कपांच्या मध्ये ठेवला.

"नाना, पाथरीहून इथं यायला आज तुमाला किती लागले?"

नाना म्हणाले, सकाळी निघालो, येष्टी चुकली, मग जीपनं आलो. हे बोलताना त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कप तोंडाला लावला.

"मंग कोण जवळ हाय? तुमी का डिब्रूगड?"

मी तोंड उघडणार होते. नांदेडहून डिब्रूगडला विमान जातं असं त्या पानावर कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते पान फक्त अंतराला विमानाच्या वेगानं भागतं. तिथं विमान असायलाच पाहिजे अशी त्याची अटही नाही. माझ्या चेहऱ्यावर हे आलं असणार, कारण काकूंनी चटकन चिवड्याची बशी माझ्यापुढं केली आणि डोळ्यांनी सांगितलं की खा.

बापूंनी मोबाइल उचलला. हात लांब करून, मान मागं घेऊन बराच वेळ ती निळी कमान बघितली. "नांदेडहूनच उडतंय म्हणायचं?"

"नांदेड लिहिलंय न्हाई का?" काकू म्हणाल्या.

बापूंनी मोबाइल परत ठेवला. "मंग एका भाकरीच्या आत हाय. जाऊ द्या पोरीला."

नाना वाटभर कुरकुरत गेले असतील, पण थोरला बोलल्यावर त्यांच्या घरात विषय संपायचा. ते गेल्यावर मात्र मी न राहवून काकूंना सगळं समजावून सांगितलं. कागद घेतला, भागाकार करून दाखवला. म्हटलं, असं विमानच नाही काकू. हैदराबादला जायचं, तिथून कोलकात्याला, तिथून पुढं दुसरं विमान, जाताना दोन दिवस मोडतील.

काकूंनी कागद नीट बघितला. म्हणाल्या, "अंतर बरोबर हाय का?"

"अंतर बरोबर आहे."

"मंग झालं. विमान न्हाई हा विमानाचा दोष हाय, अंतराचा न्हाई." आणि कप विसळायला निघून गेल्या.

जयू गेली. गंगाखेडहून रेल्वेनं हैदराबाद, विमानानं कोलकाता, तिथल्या विमानतळावर खुर्चीत रात्र आणि पुढं आणखी एक विमान. मळ्यावर पोचल्याचा तिचा फोन आला तेव्हा काकूंनी विचारलं, उडायला किती लागले? तिनं दोन्ही विमानांचे मिळून सांगितले. काकू माझ्याकडं बघून म्हणाल्या, "घ्या. मोबाइल खरं बोलला." मी जिन्यावरून वर निघून गेले. नाहीतर हातातली पातेली आपटली असती.

त्यानंतर काकूंनी तो तीन तासांचा आकडा गावभर वाटला. भाजीवालीला, दूधवाल्याला, बँकेतल्या शिपायाला. कुणी म्हटलं लेक लय लांब गेली तुमची, की काकू लगेच, "कुठं लांब? तीन तास. पुण्याच्या गाडीला त्याच्या तिप्पट-चौपट लागतंय." गल्लीतल्या बायकांना आधी कौतुक वाटलं. पुण्यात लेकी असलेल्या दोघी-तिघींना तर आपणच गैरसोयीच्या ठिकाणी लेकी दिल्या असं वाटायला लागलं.

मग दिवाळी आली. जयू आली नाही. तिला रजा नव्हती, आणि यायचे दोन दिवस, जायचे दोन दिवस धरले तर हातात काही उरत नव्हतं. समोरच्या बाईनं फराळाचं ताट देता देता विचारलं, का वं, तीन तासांवर असून लेक दिवाळीला येत नाही? संक्रांतीला कुणी म्हणालं, माझी लेक पुण्याहून रातभर उभी राहून येते, मन असावं लागतं. पुढं पुढं उघडच बोलायला लागल्या, की माय-लेकीचं काहीतरी बिनसलंय, म्हातारी तापट आहे, लेक तोंड बघायला तयार नाही. तीन तासांच्या वाटेवरून न येणारी लेक म्हणजे मन तुटलेली लेक, हा हिशेब गल्लीनं काकूंच्याच बेरजेवरून केला होता, आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती.

मला त्यांचा राग यायचा आणि काकूंचा त्याहून जास्त. एका वाक्यात सांगून टाकायचं होतं, विमान नाही, दोन दिवस लागतात. मी तसं म्हटलं.  काकू शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "हे इथं बोलले की उद्याच्या बाजारात पाथरीला कळतंय. नाना परवा येऊन बसंल. फसवून पाठवली म्हणंल, आन पोरीला माघारी आणंल. माझं लेकीशी पटत न्हाई म्हणायलेत ना? म्हणू द्या."

मी त्यांच्या शेजारी बसून शेंगा फोडायला घेतल्या. 

इकडं बापूंना मात्र त्या तीन तासांचा फार अभिमान. ते जयूला रोज सकाळी फोन करायचे. पाऊस झाला का, माती काळी हाय का लाल, एवढंच. आणि पारावर बसून सांगायचे, आमची पोरगी तीन तासांवर हाय, मनात आलं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत. काकूंना हे कळलं की त्या खूश व्हायच्या आणि मी कपाळाला हात लावायचे. एक माणूस चुकला तर त्याला समजावता येतं. इथं तर सगळं घराणंच चुकायला लागलं होतं.

बापू उन्हाळ्यात गेले. पहाटे उठले, अंगणात खाटेवर बसले आणि तिथंच आडवे झाले. निरोप आला तसं काकू मला म्हणाल्या, चला. माझं काय काम असं विचारायची सोय त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती. वाटेत जीपमध्ये त्यांनी जयूला फोन लावला. शेजारी बसून मला तिचं रडणं ऐकू येत होतं, आणि नंतर तिचे शब्दही. "निघते आई. पण परवाशिवाय पोचत न्हाई. माझ्यासाठी थांबू नका म्हणावं. सांग त्यान्ला."

काकूंनी फोन बंद करून पदराखाली ठेवला.

गावात पोचलो तर अंगणात लिंबाखाली सगळं तयार होतं. बायका बापूंच्या भोवती बसलेल्या, पुरुष बाहेर ओट्यावर. नानांनी काकूंना बघून पहिला प्रश्न केला, "जयूला कळवलं का?"

"निघाली," काकू म्हणाल्या. पुढचं वाक्य त्या बोलल्या नाहीत.

नाना ओट्याकडं वळून म्हणाले, पोरगी निघाली हाय, तीन तासांचं काम, तोवर थांबू. बापूंचा तिच्यावर जीव होता, तिनं तोंड बघितल्याशिवाय उचलायचं न्हाई. सगळ्यांनी मान हलवली. जाणत्यांपैकी कुणाला यात वावगं वाटलं नाही. एका पुतण्यानं खात्री करायला मोबाइलवर नावं घातली, तर त्यालाही तीच निळी कमान दिसली आणि तेच तीन तास.

मग ती सगळी माणसं थांबली. सकाळचं ऊन अंगणातून सरकत भिंतीवर गेलं. कुणी बर्फ आणून लावला. परगावचे पाहुणे परतीच्या येष्टीचा विचार करत घड्याळं बघायला लागले, पण उठेना कुणी. लहान पोरं भुकेनं रडायला लागली. मयत उचलल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नाही. मी काकूंच्या शेजारी बसून हळूच म्हणाले, सांगा ना आता. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. मी म्हटलं, तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. त्या माझ्याकडं न बघता पुटपुटल्या, "बोललात तर खोली सोडा." समोर माणूस मरून पडलेला आणि ही बाई मला भाडेकरू म्हणून धमकी देत होती. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. 

ज्या बाईला फलाटावर दिवस घालवता यायचा तिला त्या दिवशी एक जागा धरवत नव्हती. कुणाशी बोलत नव्हत्या, सतरंजीवर सारख्या सरकत होत्या, दाराकडं बघत होत्या. दार उघडून कुणी येणार नाही हे त्या अंगणात आम्हा दोघींनाच ठाऊक होतं, असं मला वाटत होतं.

दुपार कलली तसे नाना उठले. म्हणाले, विमान उतरलं असंल, पोरगी एकटी नांदेडला उभी राहील, जीप काढा. ड्रायव्हर उठला. दिवस मावळायच्या आत उरकायचं होतं, आणि नांदेडला जाऊन यायचं म्हणजे दिवस मावळणारच.

काकूंनी माझं मनगट सोडलं आणि उभ्या राहिल्या.

"जीप काढू नका," त्या म्हणाल्या. "पोरगी नांदेडला न्हाई. आज येत न्हाई. उद्या बी न्हाई. परवा येईल ती, हैदराबादवरून. नांदेडहून तसलं विमानच न्हाई. कवाच नव्हतं."

 नाना ओट्यावरून उतरले. त्यांचा आवाज चढला नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. म्हणाले, तुमी त्या दिवशी बापूला तोंडावर फसवलंत. फसवून पोरगी पाठवलीत. आता ती परवा येईल ना, मंग आलेली परत जायची न्हाई. ह्याच घरात राहील.

 जन्मात पहिल्यांदा काकूंकडं बेरीज नव्हती.

तेव्हा बापूंच्या उशाशी बसलेल्या आक्का, म्हणजे बापूंची बायको, बोलल्या. सकाळपासून त्यांनी डोक्यावरचा पदर वर केला नव्हता. आताही केला नाही.

"त्यान्ला कुणी फसवलं न्हाई नाना. त्यान्ला ठावं होतं."

नाना म्हणाले, काय ठावं होतं?

आक्कांनी सांगितलं ते असं. जयू गेली त्याच वर्षी, दिवाळीच्या पाडव्यानंतर, बापूंनी सकाळी दोन भाकरी बांधून घेतल्या, धोतर-पटका नवा घातला आणि आक्कांना घेऊन नांदेडला गेले. पोरीला बघून संध्याकाळी परत येऊ म्हणाले. आक्कांनी करंज्या, लाडू, सगळं बांधून घेतलं होतं. विमानतळाच्या फाटकावरच्या माणसाला बापूंनी विचारलं, डिब्रूगडचं विमान कवा? त्या माणसानं दोनदा नाव विचारून घेतलं आणि मग सगळं समजावून सांगितलं. बापू बराच वेळ फाटकापाशी उभे राहिले. मग दोघांनी तिथंच झाडाखाली बसून भाकरी खाल्ली आणि परत आले.

"येताना गाडीत म्हणले," आक्का म्हणाल्या, "पोरगी तिकडं सुखात हाय. जयूच्या मायची बेरीज मोडायची न्हाई. ती सांगंल तवा सांगंल. तवर तीन तास म्हणायचे." मग त्या काकूंकडं वळल्या. "दिवसभर तुमच्याकडंच बघायले मी बाई. तुमी बोलल्याबिगर मी कशी बोलू? त्यांनी बजावलं होतं."

काकू खाली बसल्या, बापूंच्या पायाशी. दोन्ही हातांनी ते पाय धरून त्या रडल्या, मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता.  नाना ओट्याकडं वळून म्हणाले, चला, उचला आता. दिवस चाललाय.

जयू तिसऱ्या दिवशी आली. सावडायची राख बघितली, आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून दिवसभर पडली आणि दहावं झाल्यावर परत गेली. तिला कुणी थांबवलं नाही. जाताना नानांनी विचारलं, दोन दिवसांत वाटेत खायला काय मिळतं? आणि आक्कांना जास्तीच्या भाकरी करायला लावल्या.

पुढच्या वर्षी माझी लातूरला बदली झाली. सामान उतरवत होते त्या सकाळी काकू नेहमीसारख्या पायरीवर होत्या, म्हणजे हमालांच्या बरोबर मध्ये. गंगाखेडहून लातूर किती लांब, हे त्यांनी हमालांना बोटांवर मोजून सांगितलं आणि अर्थातच चूक सांगितलं. मी दात ओठ खात टेम्पो भरून घेतला. नवीन भाडेकरू येणार होती, तिची आई खोली बघायला आली होती. ओळख निघाली, लेकीचा विषय निघाला. त्या बाईनं विचारलं, डिब्रूगड म्हणजे लय लांब असंल न्हाई?

"कुठं लांब," काकू म्हणाल्या. "तीन तास."

मी ओझं खाली ठेवून त्यांच्याकडं बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं. हातातली शेंग फोडायची राहिली.

"थांबायचं धरलं तर लय लांब हाय वं," त्या म्हणाल्या. "लय लांब हाय."